ट्रॅक्टरचा खांदा

ट्रॅक्टरला खांदा नसतो. ही गोष्ट मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, भर पोळ्यात, सासरवाडीच्या अख्ख्या गावासमोर कळली.

तोवर ट्रॅक्टरमधलं सगळं मला कळतं, असा माझा समज होता. (सगळं म्हणजे चार महिन्यांत जेवढं कळतं तेवढं.) मी लातुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या हातून आजवर जे काही दुरुस्त झालं, ते डिंकानं आणि सुईदोऱ्यानं. पण रक्तदाब वाढला, डॉक्टर म्हणाले, "एखादा छंद लावून घ्या, हातांना काम द्या," आणि बायकोनं, म्हणजे सुनंदानं, दवाखान्यातून घरी येताच माझ्यापुढं मेथीच्या तीन जुड्या ठेवल्या.

"हे काय?"

"हातांना काम."

हा छंद नव्हे, हे मी तिला पटवून देऊ शकलो नाही. मेथी निवडली. पण त्याच आठवड्यात आम्ही मुखेडजवळच्या तिच्या माहेरी गेलो आणि गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली मला माझा छंद दिसला.

एक छोटा ट्रॅक्टर. उंचीला माझ्या कमरेइतका, एका सिलिंडरचा, बागेतल्या झाडांच्या ओळींमधून फिरायला केलेला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, फार वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेच्या लिलावात तो मोसंबीच्या बागेसाठी घेतला होता. पुढं बाग गेली, ट्रॅक्टर राहिला. रंग उडालेला, कंपनीच्या नावाची पट्टी गळून पडलेली, आणि सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी जवळ गेलो तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू एसटीत तिनं रुमाल टाकून धरलेल्या जागेवर मीच येऊन बसलो होतो.

"मामा, हा मी लातूरला नेऊ का? दुरुस्त करतो."

मामांनी आधी ट्रॅक्टरकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. "न्ह्या की," ते म्हणाले. "कोंबडी तेवढी ठिवून जावा."

लातुरात टेम्पोतून ट्रॅक्टर उतरवला आणि मी कामाला लागलो. मी पद्धतशीर माणूस आहे. तीन रविवारांत मी तो पार सुटा केला. प्रत्येक नट, बोल्ट, वायसर रॉकेलनं धुऊन, पुसून, लोणच्याच्या आणि मुरंब्याच्या बरण्यांत भरला. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीचं एक कार्ड, आणि कार्डांची आमच्या ग्रंथालयातल्यासारखी पेटी. अठ्ठेचाळीस बरण्या ओसरीवर ओळीनं मांडल्यावर मला इतकं समाधान वाटलं, की ट्रॅक्टर पुन्हा जोडायची गरजच वाटेना.

सुनंदाला मात्र कैरीचं लोणचं घालायचं होतं. तिला बरण्या हव्या होत्या. म्हणून तिनं हमीदभाईंना बोलावलं.

हमीदभाईंचं औसा रोडला गॅरेज आहे. जुनी इंजिनं त्यांचे वडील दुरुस्त करायचे, आता ते करतात. त्यांनी ओसरीवरून एक चक्कर मारली, दोन बरण्या उजेडात धरून पाहिल्या.

"क्या बात है साहेब. लायब्ररी एक नंबर झाली. आता ह्यातला कोणता बोल्ट कुठला, तेवढं सांगा."

"लांबीनुसार लावलेत," मी अभिमानानं म्हणालो. "अर्ध्या इंचापासून सहा इंचापर्यंत."

"लांबीनुसार." हमीदभाई खाली बसले. "म्हंजे कुठून काढला ते न्हाई लिहिलं?"

"ते... नाही लिहिलं."

"साहेब, एक विचारू? तुमच्या कॉलेजात पुस्तकं जाडीनुसार लावता का?"

आतून सुनंदाचं हसणं ऐकू आलं. ते जेवण होईपर्यंत चालू होतं.

त्या दिवसापासून छंद माझा आणि काम हमीदभाईंचं, अशी वाटणी झाली. मी बॅटरी धरायचो. कधी पाना द्यायचो, तो परत यायचा, मग दुसरा द्यायचो. शेवटी त्यांनी मला रंग द्यायला बसवलं. मी लाल रंग दिला, मनापासून दिला. इंजिनातलं तेल बघायच्या काचेलासुद्धा दिला.

आणि अशातच मामांचा फोन आला.

"जावईबापू, ते यंत्र चालतंय का?"

"चालतंय म्हणजे, मामा, आता चालायला लागेल असं म्हणायला हरकत नाही." (त्या क्षणी त्याची तीन चाकं ओसरीवर होती आणि चौथं पंक्चरवाल्याकडं.)

"पोळ्यापतूर चालंल का?"

मग प्रकरण कळलं. त्यांच्या गावात पोळ्याला वेशीत, मारुतीपुढं, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि गावची सगळी जनावरं वाजतगाजत त्याखालून जातात. त्यात पहिला मान मामांच्या दावणीचा. त्यांच्या पणजोबांपासूनचा. पण त्या वर्षी मामांचे गुडघे पार गेले. मेव्हणा भास्कर मुखेडला मोबाइलचं दुकान घालून बसलेला. जोडी बघायला कुणी नाही, म्हणून मामांनी उन्हाळ्यात ती एका चांगल्या घरी देऊन टाकली. आणि गावच्या बैठकीत वरच्या आळीचे बळीराम अण्णा उभे राहिले. अण्णांकडं लालकंधारी बैलांच्या दोन जोड्या, शिंगं अशी चकचकीत की घरात आरशाची गरज नाही.

"दावण रिकामी, मग मान कशाचा?" अण्णांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता, तीच पंचाईत होती. शेवटी गावातले सगळ्यांत म्हातारे दगडूबाबा यांनी निवाडा केला: ट्रॅक्टर बी शेतातच राबतो, तवा तो चालंल. पण भाड्यानं आणलेला न्हाई. मामांच्या घरचा पायजे, आणि घरच्या बळावर तोरणाखालनं गेला पायजे. न्हाई गेला, तर पुढच्या सालापासनं मान अण्णांकडं.

"मला काय," मामा फोनवर म्हणाले, "गेला तर गेला मान." पण फोन ठेवला नाही. "जोडी गेली तवा गोठ्यात पाय घालवला न्हाई आठ दिस. आता ह्ये बी गेलं, तर पोळ्याला म्या वेशीकडं जायाचं तरी कामून?"

"मामा," मी म्हणालो, "तोरणाखालून पहिला आपलाच जाणार."

हे मी कुणाच्या जिवावर म्हणालो? हमीदभाईंच्या. त्यांना सांगितलं, तर त्यांनी डोक्याला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान अर्धं बंद ठेवून माझ्याकडं यायला लागले. पोळ्याला चार दिवस राहिले असताना त्यांनी हँडल मारलं आणि ट्रॅक्टर धडधडला. सुनंदा पदर खोचून बाहेर आली. शेजारचे निवृत्त तहसीलदार पेपर घेऊन बाहेर आले. मी अंगणात एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत जास्वंदीचं झाड गेलं, पण त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

निघताना हमीदभाईंनी मला इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडून आतला रबरी पट्टा दाखवला.

"साहेब, नीट ऐका. इंजिन पळतंय, अन् त्याची ताकद हा पट्टा गिअरपेटीला देतोय. सगळा भार ह्याच्यावर. ह्याला डिझेल, ऑइल, ग्रीस, काय म्हंजे काय लागू द्यायचं न्हाई. लागलं, की इंजिन बोंबलत बसतंय अन् चाक हलत न्हाई. बाकी कुठंबी गडबड करा, मी हाय."

मी ते तिथल्या तिथं कार्डावर उतरवलं आणि पेटीत 'प'खाली लावलं. पेटी लातुरात राहिली. माझ्या डोक्यात त्या कार्डाचं पहिलं वाक्य तेवढं आलं: सगळा भार ह्याच्यावर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही ट्रॅक्टर टेम्पोतून गावी नेला. फळ्या लावून उतरवला, मामांच्या अंगणात एक फेरी मारून दाखवली. (इथं जास्वंद नव्हती.) मामा ट्रॅक्टरभोवती हळूहळू फिरले, टायरवर काठी टेकवून पाहिली, आणि आत जाऊन पेटीतून जुनी झूल आणि घुंगरमाळ घेऊन आले. त्या त्यांच्या गेलेल्या जोडीच्या होत्या.

संध्याकाळी मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, हळद कालवलेल्या तुपाची वाटी घेऊन बाहेर आल्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदमळणी करतात. वर्षभर जू ओढून खांदा सोललेला असतो, त्याला हळद-तूप चोळायचं आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

मामी ट्रॅक्टरपुढं उभ्या राहिल्या. मग बाजूला उभ्या राहिल्या.

"जावईबापू, ह्याचा खांदा कुठं हाय?"

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, "मामी, बॉनेटला टिळा लावा." पण चार महिन्यांत मला यंत्रातलं काही विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी बाह्या सारल्या.

"बघा मामी, इंजिन म्हणजे छाती. चाकं म्हणजे पाय. आता खांदा म्हणजे काय? ज्याच्यावर भार येतो तो. बरोबर?"

"हाव."

मी झाकण उघडलं. "तर सगळा भार ह्या पट्ट्यावर."

"मंग ह्योच की खांदा," मामी म्हणाल्या.

"हाच," मी म्हणालो.

मामींनी कसूर ठेवली नाही. बारा महिने राबलेल्या जनावराला चोळावं तसं दोन्ही हातांनी चोळलं. वरून चोळलं, आतल्या बाजूनं चोळलं. एका बाजूचं झालं तेव्हा मीच म्हणालो, "थांबा मामी, पट्टा फिरवून देतो," आणि फिरवून दिला. वाटी निपटली. मग त्या वाकून हेडलाइटपाशी (कान समजून) म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी झाकण लावलं. मला भरून आलं होतं.

सकाळी एकदा चालवून बघावं म्हणून मी हँडल उचललं, तर मामांनी ओसरीवरून हाक मारली.

"ठिवा ते. आवतण दिल्यावर जनावराकडनं काम घेत नसत्यात."

"मामा, एक फेरी..."

"न्हाई म्हणलं ना. आज त्येला सुट्टी हाय."

दुपारनंतर मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरवर झूल, पुढं घुंगरमाळ, दोन्ही हेडलाइटना बेगड. मामांनी पांढरा फेटा बांधलेला, हातात काठी, शेजारून चालत होते. भास्कर कासरा धरून पुढं. (कासरा पुढच्या दांड्याला बांधला होता. मानाचं जनावर मोकळं नेत नाहीत.) मी सीटवर, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टात. मामांचं घर उंचावर, त्यामुळं वाट उताराची. मी गिअर टाकला, ट्रॅक्टर निघाला. काय सुरेख निघाला! दोन्ही बाजूंना बाया, पोरं, ओट्यांवर म्हातारे. मी एका हातानं नमस्कार घेत होतो.

ट्रॅक्टर चालत नव्हता, नुसता उतरत होता. हे मला उतार संपल्यावर कळलं.

वेशीपाशी चढ लागतो. तोरण वीस पावलांवर दिसत असताना ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. मी गॅस दिला. इंजिन बोंबललं. चाक हललं नाही. अजून गॅस दिला. झाकणाच्या फटीतून पिवळसर धूर निघाला आणि वेशीत साजूक तुपाचा खमंग वास दरवळला.

"शिरा भाजायलेत का कुठं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मला तेव्हा त्या कार्डाचं दुसरं वाक्य आठवलं.

मागं गावची सगळी जनावरं तटली. सगळ्यांत पुढं अण्णांची जोडी, शिंगांना सोनेरी रंग. अण्णा शांतपणे पुढं आले.

"पाव्हणं, जरा बाजूला घेता का? जनावरं खोळंबल्यात."

बाजूला घेतलं की संपलं, हे मलाही माहीत होतं, अण्णांनाही. मामांनी नुसता हात बॉनेटवर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. ते बघून मी सीटवरून उतरलो आणि भास्करला घेऊन मागनं ढकलायला निघालो.

"ये, ढकलायचं न्हाई," ओट्यावरून दगडूबाबांचा आवाज आला. "मानाचं जनावर मागनं ढकलत न्हेत नसत्यात. फुडनं कासऱ्यानं न्ह्यायचं."

"मंग एखादी जोडी लावा की फुडं," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी कानाला हात लावले. अण्णासुद्धा म्हणाले, "आज पोळा हाय, येड्या. बैलाच्या खांद्यावर आज काय ठिवायचं न्हाई. पाप लागतंय."

"बैलाला सुट्टी हाय," दगडूबाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "जावयाला कुठं हाय?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. सुनंदानं पाहिलं. अण्णांच्या जोडीनंसुद्धा पाहिलं. मी कासरा उचलला, उजव्या बाजूनं खांद्यावर घेतला. भास्करनं दुसरा पदर डाव्या बाजूनं घेतला. सुनंदा बायांमधून पुढं आली. मला वाटलं, धीर द्यायला आली. तिनं ट्रॅक्टरची घुंगरमाळ सोडली आणि माझ्या गळ्यात घातली.

"हे कशाला?"

"दिसायला बी पायजे ना," ती म्हणाली.

आम्ही ओढलं. घुंगरं वाजली, ट्रॅक्टर इंचभरही हलला नाही. पुन्हा ओढलं. शर्टाची इस्त्री गेली, मग खांद्यावरची शिवण गेली. ओट्यावर मुखेडच्या बाजारात जनावरांची दलाली करणारे दोघंजण बसले होते.

"डावा बरा हाय. उजवा बसका वाटतोय."

"वय झालंय. सगळे दात जुळलेला दिसतोय. तोंड उघडून बघितलं पायजे."

"खांदा कच्चा हाय त्येचा. औताला लावला न्हाई कधी."

"दाजी," भास्कर धापा टाकत म्हणाला, "म्या काय म्हणतो, बरेक काढलाव का?"

ब्रेक मी काढला नव्हता. सीटवरून उतरताना नीट आठवणीनं लावला होता. हमीदभाईंनी शिकवलेलं हे एकच मी वेळेवर केलं होतं.

मामा स्वतः वाकले, ब्रेक काढला, आणि मागं होऊन त्यांनी त्यांच्या जुन्या जोडीला घालायचे तशी हाळी घातली. ती हाळी ऐकली आणि खरं सांगतो, माझे पाय आपोआप चालायला लागले. वीस पावलं. ताशा वाजत होता, डोळ्यांत घाम जात होता, गळ्यात घुंगरं. डोक्याला आंब्याची पानं लागली तेव्हा कळलं, आपण तोरणाखालून गेलो. पहिले.

अण्णांनी हरकत घेतली. "बाबा, न्याव करा. ट्रॅक्टर घरच्या बळावर कुठं आला?"

दगडूबाबांनी तंबाखूची चिमूट लावली. "पोरगा घरचा हाय का?"

"हाय."

"जावई घरचा हाय का?"

अण्णांनी जरा विचार केला. त्यांच्याही तीन मुली दिलेल्या. मागं त्यांचे तिघं जावई फेटे बांधून उभे होते. "हाय म्हणावं लागतंय," ते म्हणाले.

"मंग संपलं. वाजवा रं."

घरी आल्यावर मामींनी ओवाळलं, पायांवर पाणी घातलं, पुरणपोळी भरवली. मला, भास्करला, मग ट्रॅक्टरच्या सीटवर एक ठेवली. मामा फेटा सोडून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो, तर म्हणाले, "वढताना मान खाली घालायची असती. फुडच्या बारीला ध्यान ठिवा." एवढंच. पण त्या संध्याकाळी ते काठी टेकत सगळं गाव फिरून आले.

हमीदभाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गलती माझी हाय साहेब," ते म्हणाले. "मी डिझेल बोललो, ऑइल बोललो, ग्रीस बोललो. तूप बोलायचं राहून गेलं."

वर्षभरात नवा पट्टा बसला. यंदा मी पोळ्याच्या चार दिवस आधी कार्ड पुन्हा वाचलं. आदल्या संध्याकाळी मामी वाटी घेऊन बाहेर आल्या, तशी मी पट्ट्याच्या झाकणापुढं हात पसरून उभा राहिलो.

"मामी, काही झालं तरी ह्याला हात लावायचा नाही."

"त्येला कोन लावायलंय?" मामी म्हणाल्या. "तुमी खाली बसा. बटणं काढा शर्टाची."

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून ट्रॅक्टर सुरेख चालत गेला, स्वतःच्या बळावर, चढावर एकदाही न थांबता. सुनंदा चालवत होती. आणि गावानं पाडलेल्या नव्या प्रथेप्रमाणं गळ्यात घुंगरं घालून मी आणि भास्कर त्याच्या पुढं चालत होतो. उजवा जरा हळू चालतोय असं वाटलं, की ती मागून हॉर्न द्यायची.